वनजा, तुझा सिनेमा मी आत्ता पाहिला

वनजा,

गेल्या आठवड्यात मी तुझा सिनेमा पाहिला. पहिल्यांदाच.

तुला जाऊन आज तीन आठवडे होतील. तू होतीस तेव्हा मी तुला सांगितलं होतं की 'बघितला गं, छान झालाय', आणि शेवटही चांगला आहे म्हणून. दोन्ही खोटं. त्याच्याही आधी एक मोठं खोटं बोलले होते आणि ही दोन त्याच्याच पोटातून निघाली. ते सगळं आज सांगायला बसले आहे. उशीर झालाय, हे कळतं मला.

अभ्यासिकेत भेटलो होतो आपण. मी अकलूजहून बी.एस्सी. करून सोलापुरात आले होते, स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली. तू यायचीस ती निव्वळ पंख्यासाठी. पूर्व भागात तुमच्या पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात अम्मा दिवसभर विड्या वळत बसलेल्या, शेजारी यंत्रमागांचा खडखडाट आणि वर सोलापूरचा एप्रिल. तू समोर सामान्य ज्ञानाचं पुस्तक उघडं ठेवायचीस आणि त्याच्याआड लॅपटॉपवर सिनेमे बघायचीस. एकदा मी विचारलं, "काय बघायलीस एवढं?"

"यात काहीच होत नाही," तू म्हणालीस. इतकी खूश होऊन म्हणालीस की मला वाटलं, चुकून उलटं बोललीस.

मग तू एक इयरफोन माझ्या कानात घातलास. कुठल्याशा परदेशी गावातली चार पोरं. शिक्षण संपलेलं, नोकरी नाही आणि शोधायची घाईही नाही. गाडीच्या बॉनेटवर बसून बोलत होती, वाद घालत होती, मध्येच गप्प बसत होती. चित्र धुरकट, आवाजात वारा शिरलेला. मित्रामित्रांनी मिळून, असेल त्या कॅमेऱ्यावर काढलेला सिनेमा, असं तू सांगितलंस.

"आणि शेवटी काय होतं?"

"उठून घरी जातात."

"हा काय सिनेमा झाला?"

"मग आपण दोघी इथं रोज काय करायलोय?" तू म्हणालीस, आणि अभ्यासिकेच्या बाईंनी आपल्याला बाहेर काढलं.

असले सिनेमे तू किती जमवले होतेस, देव जाणे. पण एका गोष्टीवर तू चिडायचीस. "यात नुसती पोरंच बसलेली असतात. पोरी येतात, दोन वाक्यं बोलतात आणि जातात. पोरींना रिकामं बसता येत नाही का?" मग आपण दोघी तुझ्या लुनावरून सोलापूर पालथं घातलं. दोन पोरी काही न करता तासभर बसतील, अशी जागा शोधत. चहाच्या टपरीवर बसलो तर पोरं सरकून जागा द्यायची आणि मग बघतच राहायची. देवळात बसलं की हात जोडावे लागायचे. एसटी स्टँडवर दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "कुठं जायचंय, ताई?" तलावाकाठी बसलो तर एका म्हाताऱ्यानं पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, आपण जीव द्यायला आलोय. त्या दिवशी तू इतकी हसलीस की लुना सुरू करता येईना.

शेवटी बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या मागची भिंत सापडली. कमरेएवढी, वरून ढासळलेली, शेजारी कडुलिंब. तिथं कुणी हटकायला नव्हतं. तुझ्या मामांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. ज्या दिवशी मुहूर्त नसेल त्या दिवशी कॅमेरा आपला. पंचांग बघून आपण सिनेमा काढत होतो. नसरीनला मी आणलं होतं, ती अभ्यासिकेत माझ्या मागच्या बाकावर बसायची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "करने का क्या है इसमें?"

"कुछ नै. बैठने का," तू म्हणालीस.

"बस?"

"बस."

"फिर तो मैं हिरोईन हूँ," नसरीन म्हणाली.

सिनेमाचं नाव माझ्यामुळे पडलं. आप्पांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. माझे आप्पा तेव्हा दूध डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर होते. ते ठरलेलं विचारायचे, "काय करायलीस?" आणि मी ठरलेलं उत्तर द्यायचे, "काय न्हाय, अभ्यास." एकदा तू ते ऐकलंस. "त्यातला अभ्यास काढून टाक," तू म्हणालीस, "नाव मिळालं." 'काय न्हाय'. पाटी नसरीननं लिहिली, खडूनं, त्याच भिंतीवर.

शेवटावरून आपलं भांडण मात्र पहिल्या दिवसापासून होतं. मी म्हणायचे, एकीला तरी नोकरी लागू दे. पत्र येऊ दे, बॅग भरू दे. बघणाऱ्याला काहीतरी मिळायला नको? तू म्हणायचीस, "नोकरी दाखवली की लोक म्हणणार, एवढ्यासाठी बसली होती होय. मग कुणी त्यांच्याकडं बघणारच नाही. मला त्या बसलेल्याच दाखवायच्यात."

"बसणं म्हणजे काय काम आहे का?"

"नाही ना. म्हणूनच."

यावर आपलं कधी पटलं नाही.

मग ती दुपार. मामांच्या स्टुडिओत तू आम्हाला तोवरचं शूटिंग दाखवलंस. लहान टीव्ही, शटर अर्धं ओढलेलं. नसरीन स्वतःला बघून टाळ्या पिटत होती. आणि मी स्वतःला पाहिलं. भिंतीवर बसलेली, पाय हलवणारी, जांभई देणारी, पोटरी खाजवणारी. मला वाटत होतं, मी अभिनय करतेय. पडद्यावर अभिनय कुठं दिसेना. दोन वर्षं परीक्षा देऊन दोन्ही वेळा पडलेली, तेवीस वर्षांची, बापाच्या जिवावर सोलापुरात खोली करून राहिलेली मुलगी तिथं बसली होती. त्याच वेळी आप्पा कुठंतरी तापलेल्या टँकरच्या केबिनमध्ये बसलेले असणार, हेही मला दिसलं. मला घाम फुटला. तू विचारलंस, "कसं वाटलं?" मी म्हणाले, "चांगलं आहे," आणि उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, "आप्पांना कळलं. अकलूजच्या कुणीतरी आपल्याला भिंतीवर बघितलं. ते नको म्हणतात."

तू कॅमेऱ्याची पिशवी बंद केलीस. मग म्हणालीस, "मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. फोनसुद्धा करू नकोस. लई कडक आहेत ते."

आप्पा कडक! शेतातल्या कुत्र्यालासुद्धा 'अहो' म्हणेल असा माणूस. आणि त्यांना काही कळलेलंच नव्हतं. मला स्वतःला तसं बघवेना, एवढंच खरं होतं. ते तुझ्या तोंडावर म्हणवेना, म्हणून बापाचं नाव पुढं केलं. पोरीनं बापाचं नाव सांगितलं की आपल्याकडं कुणी पुढं विचारत नाही.

पुढच्या वर्षी मला पुण्यात विमा कचेरीत नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. तू सोलापुरातच राहिलीस. मामांचा स्टुडिओ चालवायला घेतलास आणि लग्नाच्या सुट्या तारखांमधून तो सिनेमा पुरा केलास. कसा केलास, मी विचारलं नाही. मला वाटत होतं, माझा भाग कापून टाकला असशील. एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवलास, तेव्हा बोलावलंस. मी मुलीच्या तापाचं कारण सांगितलं. मग दूर दक्षिणेत कुठल्याशा छोट्या महोत्सवात तो लागला. परत आल्यावर तू मला लिंक पाठवलीस. मी ती उघडली नाही. आठवड्यानं तुझा फोन आला.

"बघितलास?"

"बघितला गं. छान झालाय."

"शेवट कसा वाटला?"

"चांगला आहे."

तुझ्यामागे यंत्रमागांचा आवाज येत होता. थोडा वेळ तो नुसताच येत राहिला. मग तू म्हणालीस, "बरं. आप्पा कसे आहेत?"

त्यानंतर प्रत्येक फोनला तू हे विचारायचीस. आप्पा कसे आहेत? आप्पांचे गुडघे कसे आहेत? मला तो टोमणा वाटायचा. ज्या माणसानं तुझा सिनेमा मोडला, त्याची खुशाली विचारून तू मला टोचतेस, असं मी धरून चालले होते. आणि मी तुटक उत्तरं द्यायचे.

आपली शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. पार्क चौकात उभ्यानं भजी खात तू म्हणालीस, "दुसरा सिनेमा सुचलाय. त्याच पोरी, आता पस्तिशीतल्या."

"पस्तिशीत कोण रिकामं असतं?" मी म्हणाले. "नोकरी, डबा, मुलीची शाळा. मला बसायला वेळ कुठाय?"

"तेच तर. आता जागा असेल, पण वेळ नाही. तू फक्त दोन दिवस दे. नसरीन तयार आहे."

"शेवट काय ठेवणार आहेस?" मी विचारलं. तुला खिजवायला.

"तो तू ठरव या वेळी," तू म्हणालीस.

मी म्हणाले, "बघू." तुझ्याशी समोरासमोर बोललेला माझा शेवटचा शब्द तो आहे, वनजा. बघू.

नसरीनचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होते. तुला ताप आला होता, डेंग्यूचा, हेही मला माहीत नव्हतं. नसरीन म्हणाली, "चार दिन में गई रे. मुझे बोली, सुवर्णा को मत बताओ, उसकी बेटी की परीक्षा है." मी तिसऱ्या दिवशी पोचले. तुमच्या खोलीत विड्यांचं सूप तसंच होतं, अम्मा त्यापाशी बसल्या होत्या. हात मात्र थांबलेले. मला जवळ बसवून त्यांनी माझा चेहरा चाचपला.

"तिचा सिनेमा मी चार वेळा बघितली," अम्मा म्हणाल्या. त्यांच्या मराठीत तेलुगू मिसळलेलं असायचं, आणि तू त्यांची नक्कल करून मार खायचीस. "काय कळत नाही मला त्यातलं. काय होतच नाही. पण तिचा आवाज हाय ना त्यात. म्हणून बघते. शेवटी हाय, एकदाच. तुला माहीत हाय की."

मी मान हलवली.

लेक गेलेल्या आईसमोर मी मान हलवली, वनजा. तुझ्या आवाजासाठी ती म्हातारी तासभर तो न कळणारा सिनेमा बघत होती, आणि ज्या लिंकवर तो आवाज होता ती मी इतकी वर्षं उघडली नव्हती. पुण्याला परत येताना बसमध्ये मला स्वतःची किळस आली.

गुरुवारी अर्धी रजा टाकली. मुलगी शाळेत होती. दार लावून घेतलं आणि पाहिला.

तू माझं काही कापलं नव्हतंस. एकही जांभई नाही. अर्ध्या सिनेमापर्यंत मी तिथं आहे, आणि मग नाही. नसरीन एकटीच भिंतीवर येऊन बसते. उन्हाळा जातो, कडुलिंबाला लिंबोळ्या लागून गळतात, नसरीन बसलेलीच. सायकलवरचा एक माणूस विचारतो, "दुसरी कुटाय?" ती म्हणते, "येईल की." मला ते कानफटात मारल्यासारखं लागलं. बंद करणार होते. अम्मांसाठी थांबले.

शेवटचं दृश्य सोलापूरचं नव्हतं. दुपार, उसाच्या कडेला उभा दुधाचा टँकर, आणि चाकाला टेकून उभे माझे आप्पा. केस अजून काळे. मी खुर्चीतून उठलेच. आणि कॅमेऱ्यामागून तुझा आवाज आला.

"काका, पोरगी काय करते तुमची?"

"पोरगी? सोलापुरात असती."

"काय करते तिथं?"

आप्पांनी टोपी मागं सारली. "काय न्हाय, म्हणती. बसून असती."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

आप्पा बराच वेळ उसाकडं बघत राहिले. तू त्यांना घाई केली नाहीस. "काय वाटायचं?" ते म्हणाले. "बसू द्या की जरा. आमाला कुटं बसायला मिळालं?"

मग काय करायचं ते न कळून ते हसले, आणि सिनेमा संपला.

आता कळलं, तू मला शेवट कसा वाटला म्हणून का विचारलंस. आणि मी 'चांगला आहे' म्हटल्यावर गप्प का झालीस. पाहिला असता तर मी किंचाळले असते. तुला त्या क्षणीच कळलं की मी पाहिलेला नाही, आणि तू म्हणालीस, "बरं."

मी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, वनजा आली होती अकलूजला?"

"वनजा व्हय? आलती की. लई वर्सं झाली. भर उनाची यष्टीनं आली, नाव इचारत इचारत. म्हणली, काका, पोरीला सिनेमात काम करू द्या. मी म्हणलं, कसला सिनेमा? मला ठावंच न्हवतं काय."

"मग?"

"मग तिच्या ध्येनात आलं की. गपकन बसली हितं बाजंवर. मी म्हणलं, बाई, माज्या पोरीनं माजं नाव सांगितलं म्हंजी तिची कायतरी अडचण आसंल. मी न्हाय म्हणलो आसं धरून चाल तू. तिला इचारू नगं."

"आणि ती?"

"व्हय म्हणली. मग म्हणली, काका, तुमचंच शूटिंग घिऊ का जरा? घी म्हणलं. भाकरी खाऊन गेली. दर दिवाळीला फोन आसतो तिचा. आता करील की, दिवाळी आलीच."

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"सुवर्णा? हायस का?"

"आप्पा, ती गेली. तापानं."

पलीकडं टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग आप्पा म्हणाले, "ते शूटिंग मी बघितलंच न्हाय अजून. घिऊन ये."

रविवारी गेले. आप्पांचे केस आता पांढरे झालेत, गुडघे खरंच दुखतात, आणि तुला त्यांची खुशाली माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. ओट्यावर सतरंजी टाकली, लॅपटॉप पाटावर ठेवला. चष्मा लावून ते मांडी घालून बसले. तुझं नाव आलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी भिंतीवर दिसले आणि मी मान खाली घातली. आप्पा हसले. खदाखदा हसले. "ही तूच की! बग कशी बसलीयास, निवांत. म्हशीवानी." पडद्यावर मी जांभई दिली, तर त्यांनीही दिली. ज्या दृश्यानं मला घाम फुटला होता, ते माझा बाप कौतुकानं बघत होता. मी पण मान वर करून पाहिलं. चांगली होते गं मी. खरंच चांगली बसले होते.

मग मी नाहीशी झाले, नसरीन एकटी आली. सायकलवाल्यानं विचारलं, तिनं सांगितलं. आप्पा पुढं सरकले. "थांबीव," ते म्हणाले. "हितंच थांबीव."

चित्र थांबवलं.

"तू परत का गेली न्हाईस?"

बारा वर्षांत तू मला हे एकदाही विचारलं नव्हतंस. त्यांच्या सांगण्यावरून विचारलं नसशील. मला चटकन जे सुचलं ते बोलले. "तिनं बोलावलंच नाही, आप्पा."

आप्पांनी चष्मा पुसला, परत लावला आणि पडद्याजवळ बोट नेलं.

"बोलावलं की," ते म्हणाले. "ही पोरगी बग. आख्खी भित मोकळी हाय, तरी पार कडंला बसलीया. जागा ठिवलीया तुला."